सगळ्या घरांचा एकच मोबाइल नंबर: २१४७४८३६४७

पाटीपेन्सिल

आमच्या आळीच्या गणेशोत्सव मंडळाची वर्गणीची यादी यंदा वहीतून कॉम्प्युटरवर आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. घरं पावणेतीनशेच्या आसपास. दोन रात्री जागून टाइप केली, छापून आणली आणि ऐटीत खजिनदार काकूंच्या हातात ठेवली. अर्ध्या तासात काकूंचा फोन. "अरे, जोश्यांपासून शेखांपर्यंत सगळ्यांचा नंबर एकच कसा रे?"

पाहतो तर खरंच. नाव वेगळं, घर वेगळं, रक्कम वेगळी आणि शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत २१४७४८३६४७, २१४७४८३६४७, २१४७४८३६४७. काकूंनी तो लावूनही पाहिला होता, लागला नाही.

चूक माझीच. मोबाइलचा रकाना मी मजकुराऐवजी साधा पूर्णांक ठेवला. त्या डब्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा २१४७४८३६४७. आपले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे झाडून सगळे त्याच्यापेक्षा मोठे. डब्यात मावेना तेव्हा डेटाबेसने कुरकुर न करता डबा काठोकाठ भरला आणि झाकण लावलं.

रकाना दुरुस्त केला, यादी पुन्हा छापली, त्याचे पैसे मुकाट्याने स्वतःच्या खिशातून भरले. पण आकडा डोक्यातून जाईना. तो २^३१ − १ आहे (म्हणजे २ चा ३१ वा घात उणे १) एवढं मला ठाऊक आहे. त्यापलीकडे त्याच्यात काय काय दडलंय? जाणकारांनी भर घालावी.

खटपट्या

हाहा, या खड्ड्यात न पडलेला प्रोग्रामर दाखवा आणि बक्षीस मिळवा.

३२ बिटांचा डबा, म्हणजे ० किंवा १ ठेवायच्या ३२ जागा. त्यातला एक बिट धन की ऋण हे सांगायला जातो, उरले ३१. एकतीस बल्बांची माळ समजा. पहिल्या बल्बची किंमत १, दुसऱ्याची २, मग ४, ८, १६ असं दुप्पट होत शेवटच्याची १०७३७४१८२४. सगळे बल्ब पेटले की बेरीज तुमचा आकडा. यापुढे एक जरी मिळवला तरी हातचा जाऊन पडतो त्या चिन्हाच्या बिटात आणि आकडा एकदम ऋण होतो.

याचे किस्से कितीतरी आहेत. डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबवर 'गंगनम स्टाइल' या कोरियन गाण्याची प्रेक्षकसंख्या या काठाला येऊन भिडली, तेव्हा त्यांना मोजणीचा डबा ६४ बिटांचा करावा लागला. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने बोइंग ७८७ बद्दल आदेश काढला. विमानाचा वीजपुरवठा सलग २४८ दिवस बंद केला नाही, तर जनरेटर सांभाळणारे कंट्रोलर एकाच वेळी मान टाकू शकतात, असं त्यात म्हटलं होतं. सेकंदाचे शंभरावे भाग मोजत बसलात तर २^३१ व्हायला २४८ दिवस आणि वर अर्धा दिवस लागतो, करून बघा.

आणि खरी तारीख पुढेच आहे. बरीच जुनी यंत्रं १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद याच डब्यात मोजतात. तो डबा १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरणार. पुढच्या सेकंदाला त्या यंत्रांच्या मते साल १९०१.

डॅलसकर

आमच्याकडे हा नंबर बघून कोणाला संशयसुद्धा येणार नाही. २१४ हा डॅलसचा एरिया कोड! इथल्या एखाद्या मंडळाची यादी असती तर काकूंना वाटलं असतं, सगळे एकाच घरात राहतात.

अंकयोगी

अंकांची बेरीज करून पाहा. २+१+४+७+४+८+३+६+४+७ = ४६. ४+६ = १०. १+० = १. सूर्याचा अंक. हा आकडा उगाच समोर आलेला नाही.

सुपारीफोड

सूर्याची कृपा म्हणूनच छपाईचे पैसे दोनदा गेले वाटतं.

निवृत्त_मास्तर

अंकयोगी, बेरीज बरोबर आहे. तिचा एक उपयोगही आहे: एकअंकी बेरीज १ आली, म्हणजे ९ ने भागल्यावर बाकी १ उरते. म्हणजे आकडा ३ नेही जात नाही. बाकी ग्रहगोल आपण बाजूला ठेवू.

पाटीपेन्सिल, तुमच्या आकड्याचा खरा दागिना वेगळाच आहे. तो मूळ संख्या आहे. १ आणि तो स्वतः सोडून त्याला कोणीही नि:शेष भागत नाही. डब्याचा काठ मूळ संख्येवर यावा असा काही नियम नाही, हा. ६४ बिटांच्या डब्याचा काठ ९२२३३७२०३६८५४७७५८०७, तो तर ७ ने दोनदा जातो. शिवाय ७३ ने जातो, १२७ ने जातो. ३१ चा काठ तेवढा भाग्यवान निघाला.

२ च्या घातातून १ वजा करून मूळ संख्या शोधायचा नाद जुना आहे. इटलीच्या कातालदीने १५८८ मध्ये घात १७ आणि १९ पक्के केले. मग हुरूप येऊन २३, २९, ३१ आणि ३७ चे आकडेही मूळ आहेत असं सांगून टाकलं. चारातला ३१ तेवढा खरा निघाला. २^२३ − १ ला ४७ भागतो आणि २^२९ − १ ला २३३. पुढे १६४४ मध्ये मर्सेन या फ्रेंच पाद्र्याने २५७ पर्यंतच्या घातांची यादी दिली. तीही पुरती बरोबर नव्हती. ६७ आणि २५७ उगाच घेतले, ६१, ८९, १०७ राहिले. पण अशा संख्यांना नाव त्याचंच चिकटलं. ३१ त्याच्या यादीत होता. सिद्ध कोणी केला? ऑयलर या स्विस गणितज्ञाने. १७७२ मध्ये बर्नुली या गणितज्ञांच्या घराण्यातल्या एकाला लिहिलेल्या पत्रात. तेव्हा ऑयलर सेंट पीटर्सबर्गला होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती.

सुपारीफोड

मास्तर, एक शंका. मूळ आहे हे ठरवायचं तर वर्गमुळापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघावं लागणार. वर्गमूळ ४६३४० च्या वर. तिथपर्यंत मूळ संख्या किती? डोळे गेलेल्या माणसाने एवढे भागाकार केले म्हणता?

निवृत्त_मास्तर

शंका रास्त आहे. सुमारे ४८०० मूळ संख्या आहेत तिथपर्यंत. पण ऑयलरने भागायच्या आधी चाळणी लावली, आणि चाळणीचं डोकं भागाकाराहून फार मोठं.

समजा एखादी मूळ संख्या 'प' आपल्या आकड्याला भागते. मग २^३१ ला 'प' ने भागलं की बाकी १. म्हणजे २, ४, ८, १६ असे घात घेत बाक्या लिहीत गेलात तर एकतिसाव्या पायरीला १ येतो आणि तिथून बाक्या पहिल्यापासून तशाच फिरतात. ३१ स्वतः मूळ असल्यामुळे ही फेरी ३१ पेक्षा लहान असू शकत नाही. आता फर्मा या फ्रेंच गणितज्ञाचा नियम सांगतो की (प − १) व्या पायरीलासुद्धा बाकी १ च हवी. ३१ थांब्यांची बस (प − १) थांबे मोजल्यावर नेमकी डेपोत आली, तर (प − १) ला ३१ ने भाग जायलाच हवा. 'प' विषम, म्हणून (प − १) सम. दोन्ही मिळून, 'प' ला ६२ ने भागलं की बाकी १.

एवढ्याने पुरत नाही. २^३१ ची बाकी १, तर २^३२ ची बाकी २. पण २^३२ हा २^१६ चा वर्ग. म्हणजे 'प' च्या दुनियेत २ हा कोणाचा तरी वर्ग आहे. हे तेव्हाच होतं जेव्हा 'प' ला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ उरते. दोन्ही अटी एकत्र केल्या की 'प' ला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ हवी, तिसरी वाट नाही. ४६३४० च्या आत असे आकडे ३७२ (पहिला ६३ खुद्द सोडून, तो ७ नवे). त्यातले मूळ तेवढे घेतले तर ढोबळ हिशेबाने ऐंशीच्या आसपास उरतात. ४८०० चे ऐंशी! एवढे भागाकार तर आमच्या वेळी सुट्टीचा अभ्यास म्हणून देत.

खटपट्या

थांबा, २४८? विमानाचे पण २४८ दिवस होते! (योगायोग आहे, कळतंय. इथला २४८ म्हणजे ८ × ३१ आणि तिथला सेकंदांच्या भागाकारातून आलेला. तरी अंगावर काटा आला.)

अंकयोगी

मी काही बोलत नाही.

दहावी_ब

नमस्कार. मी वाचनमात्र असते, पण मास्तरांची चाळणी वापरून बघितली. २४९ = ३ × ८३, गेला. पुढचा ३११, तो मूळ आहे. २ ला दुप्पट करत गेले आणि ३११ च्या वर गेलं की ३११ वजा करत गेले. २५६ नंतर २०१, ९१, १८२, ५३, १०६, २१२, ११३, २२६, १४१, २८२, २५३, १९५, ७९, १५८, ५, १०, २०, ४०, ८०, १६०, ९, १८, ३६. एकतिसाव्या पायरीला ३६ आले. म्हणजे २१४७४८३६४७ ला ३११ ने भागल्यावर बाकी ३६. बरोबर ना?

निवृत्त_मास्तर

शाब्बास! फक्त शेवटी एक विसरलीस बाळ. ३६ ही २^३१ ची बाकी. आपला आकडा त्याच्याहून एकाने कमी, म्हणून बाकी ३५. भाग जात नाही हे मात्र खरंच.

ओवी

उशिरा आले, पण हा आकडा बघून थांबवेना. खरं तर त्याचा सख्खा शेजारी मला ओळखीचा वाटला.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) दुप्पट होत जाणाऱ्या दानाचं एक उदाहरण आहे: "पूर्वं वराटकयुगं येन द्विगुणोत्तरं प्रतिज्ञातम्". वराटक म्हणजे कवडी. एका माणसाने याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या आणि पुढे रोज दुप्पट द्यायचं कबूल केलं, तर महिन्याभरात किती निष्क दिले? महिना तीस दिवसांचा. २ + ४ + ८ अशी तिसाव्या दिवसापर्यंतची बेरीज येते २१४७४८३६४६ कवड्या.

शेवटचा अंक पुन्हा वाचा. पाटीपेन्सिल यांच्या यादीतला नंबर, उणे एक. त्या दानशूराने आदल्या दिवशी मुहूर्ताची म्हणून एक कवडी दिली असती, तर तंतोतंत ऑयलरची मूळ संख्या झाली असती. खटपट्यांच्या माळेतला पहिला बल्ब तेवढा विझलेला राहिला.

उत्तराची मोडही बघण्यासारखी आहे. २० कवड्यांची काकिणी, ४ काकिण्यांचा पण, १६ पणांचा द्रम्म, १६ द्रम्मांचा निष्क. म्हणजे एका निष्कात २०४८० कवड्या. हिशेब येतो १०४८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. मी कागदावर करून ताडून पाहिला. त्या शेवटच्या ६ कवड्यांनी मला फार समाधान दिलं.

आणि आचार्य तीस वेळा दुप्पट करत बसलेले नाहीत. रीत अशी: दिवस विषम असतील तर एक कमी करा आणि 'गुण' लिहा, सम असतील तर निम्मे करा आणि 'वर्ग' लिहा, शून्यापर्यंत. ३० सम, वर्ग. १५ विषम, गुण. १४ वर्ग, ७ गुण, ६ वर्ग, ३ गुण, २ वर्ग, १ गुण. आता १ पासून उलट चढा. गुण म्हणजे दुप्पट: २. वर्ग: ४. गुण: ८. वर्ग: ६४. गुण: १२८. वर्ग: १६३८४. गुण: ३२७६८. वर्ग: १०७३७४१८२४. आठ पायऱ्यांत २ चा तिसावा घात. त्यातून १ वजा, पहिल्या दिवसाच्या २ ने गुणा, झालं. छंदशास्त्रात पिंगलाने लघु-गुरूंच्या मांडण्या मोजायला हीच युक्ती आणखी कित्येक शतकं आधी सांगितली आहे.

सुपारीफोड

'कवडीमोल' हा शब्द मी यापुढे जपून वापरणार.

खटपट्या

ओवीताई, दंडवत. ही आठ पायऱ्यांची रीत आम्ही कोडमध्ये रोज वापरतो. ऑनलाइन पैसे पाठवताना जी कुलूपकिल्लीची आकडेमोड होते, तिच्या पोटात हेच वर्ग-गुण, वर्ग-गुण चालू असतं.

आणि ऐका, तुमच्या कवड्या मला आणखी एका ठिकाणी भेटल्यात! कॉम्प्युटरला 'यादृच्छिक' आकडे काढायला सांगतो ना, त्याची एक जुनी, गाजलेली रीत आहे. कोणताही आकडा घ्या, १६८०७ ने (म्हणजे ७ च्या पाचव्या घाताने) गुणा, २१४७४८३६४७ ने भागा, बाकी हा पुढचा आकडा. १ पासून सुरू केलं तर १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३ असे आकडे उड्या मारत निघतात. २१४७४८३६४७ मूळ आहे आणि १६८०७ नीट निवडलेला आहे, म्हणून १ ते २१४७४८३६४६ मधला प्रत्येक आकडा एकदा आणि एकदाच येतो, मग फेरी पुन्हा पहिल्यापासून. फेरीची लांबी किती? लीलावतीतल्या कवड्या, एक कमी नाही की जास्त नाही.

निवृत्त_मास्तर

वा! त्या कवड्यांचे अवयवही लिहून ठेवतो: २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. मूळ संख्येच्या शेजारी घर आणि घरात एवढं गोकुळ. त्यातला ३१ यायलाच हवा होता. २^३१ − २ ला ३१ ने भाग जातो, हाही फर्माचाच नियम.

मागे कोणाला तरी या सगळ्याचा उपयोग काय असं वाटलंच असेल. इंग्लंडच्या बार्लोलाही वाटलं होतं. तुमच्या आकड्याला २^३० ने गुणलं की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही परिपूर्ण संख्या मिळते. म्हणजे ६ = १ + २ + ३ तशी, स्वतः सोडून आपल्या सगळ्या भाजकांच्या बेरजेएवढी. अशातली ही आठवी. बार्लोने १८११ मध्ये छापून टाकलं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधीच सापडणार नाही, कारण हा नुसता कुतूहलाचा विषय, निरुपयोगी, कोण कष्ट घेणार! १८७६ मध्ये ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने घात १२७ पर्यंत मजल मारली. ऑक्टोबर २०२४ मध्ये घात १३६२७९८४१ ची मूळ संख्या जाहीर झाली, चार कोटींहून जास्त अंकांची. निरुपयोगी म्हटल्यावर माणसं जास्तच मागे लागतात.

आणखी एक मोह असतो. ३ मूळ, २^३ − १ = ७ मूळ, २^७ − १ = १२७ मूळ, २^१२७ − १ सुद्धा मूळ. मग २^२१४७४८३६४७ − १ ही मूळ असेल का? तिच्यात चौसष्ट कोटींहून जास्त अंक. कागदावर लिहायची सोय नाही, तरी उत्तर माहीत आहे: नाही. १९८३ मध्ये तिचा एक भाजक सापडला, २९५२५७५२६६२६०३१. चाळणी तीच. यातून १ वजा करून २१४७४८३६४७ ने भागा, १३७४९० येतात, बाकी शून्य.

पाटीपेन्सिल

एवढं निघेल असं वाटलं नव्हतं. ओवीताईंचा प्रतिसाद काकूंना वाचून दाखवला. काकू बँकेतून निवृत्त झालेल्या, त्यांनी पेन्सिल घेऊन निष्क-द्रम्म स्वतः ताडून पाहिले आणि ६ कवड्या आल्यावर म्हणाल्या, "बघ, याला हिशेब म्हणतात." पहिल्या छपाईचे कागद त्यांनी फेकलेले नाहीत. पाठकोरे म्हणून पावत्यांच्या रफ हिशेबाला घेतलेत. त्यामुळे मांडवात जिथे तिथे हा नंबर पडलेला असतो, आणि काल एका कार्यकर्त्याने तो डेकोरेटरचा समजून तीनदा लावला.

दहावी_ब

ओवीताईंच्या आठ पायऱ्या बाक्यांना लावल्या तर एकतीस वेळा दुप्पट करायला नको! १६३८४ पर्यंत तोंडपाठच झालंय, पुढच्या तीनच उड्या मारायच्या.

३११ नंतर चाळणीतून येणारे सगळे फोडता येतात (१२४१ ने दमवलं, १७ × ७३ निघाला), मग थेट १३०३. १६३८४ ची बाकी ७४८, दुप्पट करून १९३, त्याचा वर्ग करून ७६५, पुन्हा दुप्पट करून २२७. एक वजा, २२६. (या वेळी विसरले नाही मास्तर.)

त्यापुढचा मूळ १४८९ आणि तो सगळ्यात गोड. १६३८४ ला १४८९ ने भागलं तर बाकी चक्क ५. मग १०, मग १००, मग २००. एक वजा, १९९. तोंडी झाला!

पुढे २०४७ आला तेव्हा आधी वाटलं हा मूळच असणार, कारण तो २^११ − १ आहे. पण २३ × ८९. कातालदीसारखं झालं माझं. आता २५४३ वर आलेय. ऐंशीतले तीन झाले, उद्या भूमितीची चाचणी आहे म्हणून वही आईने ठेवून घेतलीय.

सुपारीफोड

आईंना सांग, ऑयलरच्या हातातून कोणी वही काढून घेतली नव्हती.

दहावी_ब

सांगितलं. त्या म्हणाल्या, त्याची चाचणी नव्हती.